शिवणाच्या बाईंची खिरापत

न ओळखता खाल्लेली खिरापत अंगी लागत नाही, असं आमच्या शिवणाच्या बाईंचं ठाम मत होतं. हे मत कुठल्या पोथीत आहे असं कुणी विचारलं तर त्या म्हणायच्या, "पोथी तुमची. तुमी हुडका. मला काय ठावं? पर वळखल्याबिगर मी झाकन उघडू देनार न्हाई."

कर्जत तालुक्यातल्या एका बाजारगावात मुलींची शाळा होती. मी नगरहून तिथे नवी शिक्षिका म्हणून गेले तेव्हा शाळेत शिकवणाऱ्या आम्ही हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. मुख्याध्यापिका त्या मोठ्या बाई, वयाने सगळ्यांत लहान म्हणून मी धाकल्या बाई, आणि शिवण शिकवणाऱ्या त्या शिवणाच्या बाई. त्यांचं नाव हजेरीपटाबाहेर कुणी उच्चारल्याचं मला आठवत नाही. पन्नाशी ओलांडलेल्या, विधवा, पाच वेळची नमाज पढणाऱ्या. उजव्या हाताच्या मधल्या बोटात, सुई टोचू नये म्हणून घालतात ते पितळी अंगुस्तान चोवीस तास. टाका चुकला की ते अंगुस्तान मुलीच्या डोक्यावर टक्‌कन वाजायचं. आवाज मोठा यायचा आणि लागायचं मात्र काहीच नाही. हे तंत्र त्यांनी कसं साधलं होतं कोण जाणे.

नवरात्रात शाळेत भोंडला असायचा. पाटावर हस्ताचा हत्ती मांडायचा, मुलींनी हातात हात घालून भोवती फेर धरायचा, गाणी म्हणायची, आणि शेवटी झाकलेल्या डब्यात काय आहे ते ओळखून ती खिरापत खायची. रोज एकेका वर्गाचा मान, आणि शेवटचा दिवस शिवणाच्या बाईंचा. या सगळ्या कारभाराचं मुखत्यारपत्र एका मुसलमान बाईकडे आहे याचं मला पहिल्या वर्षी नवल वाटलं. गावात दुसऱ्या कुणालाच वाटत नव्हतं, म्हणून मीही ते आवरतं घेतलं.

खिरापत ओळखण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. डबा कानाशी न्यायचा, हळूच हलवायचा, डोळे मिटायचे. मग मुलींना शिकवण चालायची. "आयका. तळल्यालं आसंल तर बोलतं. उकडल्यालं गप बसतं. गुळाचं आसंल तर डब्याला चिकटून रुसून बसतं." मी एकदा शहरी हुशारी दाखवायला गेले. डब्यात तळाला शिरा थापला आणि वर चिवडा पसरला. बाईंनी डबा हलवला, खालून हात लावून बघितला आणि म्हणाल्या, "धाकल्या बाई, खाली शिरा हाय, वर चिवडा हाय. आमाला फशिवायला आजून चार पावसाळं काढा." मुली हसून हसून लोळल्या. मी शिरा वाढला.

त्यांच्या स्वतःच्या खिरापतीपुढे मात्र भल्याभल्यांची दांडी गुल व्हायची. एका वर्षी भोपळ्याच्या बिया गुळात घोळवलेल्या, एका वर्षी चिंचेच्या कोवळ्या पाल्याच्या वड्या. मुली तासभर डोकं लढवत आणि बाई हाताची घडी घालून, पराक्रमी सरदाराच्या तोऱ्यात उभ्या राहत.

गुढीपाडव्याच्या सकाळी तर गावात त्यांचा दरारा असे. नमाज आटोपून बाई छत्री घेऊन बाजारपेठेतून निघायच्या, आणि दोन्ही बाजूंच्या गुढ्या बघत चालायच्या. खणाच्या निऱ्या नीट नसल्या की भर रस्त्यात थांबून हाक. "आवो, उतरवा, उतरवा आधी! ही गुढी हाय का वाळत घातल्यालं धडुतं?" आणि लोक खरोखर उतरवायचे. बाई ओट्यावर बसून खणाच्या निऱ्या घालून द्यायच्या, एकीवर एक, सुरीने कापल्यासारख्या. पण काठीला, तांब्याला, कडुनिंबाच्या डहाळीला हात लावायच्या नाहीत. "निऱ्या माज्या, गुढी तुमची. बांधा आता." संक्रांतीला बोरन्हाणाची काळी झबली शिवून घ्यायलाही अख्खं गाव त्यांच्याच दारात. झबलं न्यायला आलेल्या आईने लेकरू सोबत आणलं नसेल तर ते मिळत नसे. "आदी घालून दाखवा. मी काय बाहुलीला शिवलंय व्हय?"

छत्रीचंही सांगायला हवं. ती बारमाही त्यांच्या काखेत. ब्याहत्तर साली आभाळ कोरडं ठणठणीत असतानाही बाई छत्री घेऊन फिरायच्या. मी हटकलं तर म्हणाल्या, "छत्री बघून तरी त्याला आठवंल, आपलं काय काम हाय ते."

भोंडल्याचा हत्तीही त्यांच्याच हातचा. दरवर्षी नवा. गोणपाटाचा तुकडा स्वच्छ धुऊन त्यावर रंगीत दोऱ्याने भरलेला. सोंड, झूल, अंबारी, पायातले तोडे. बघत राहावं असं काम. पण डोळ्याची जागा त्या मोकळी ठेवायच्या. मी विचारलं तेव्हा त्यांनी सुई दातात धरली, आणि मग काढून हळू आवाजात म्हणाल्या, "डोळा घातला की जीव आला. जीव घालनारा एकच हाय. मी त्याच्या कामात हात घालत न्हाई." मग घट बसले की शाळेतली सगळ्यांत लहान मुलगी काजळाच्या बोटाने हत्तीला डोळा काढायची, आणि बाई तेवढा वेळ तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत राहायच्या. डोळा झाला की वळून म्हणायच्या, "झाला का? मंग धरा फेर." स्वतःही फेरात शिरायच्या. हळदकुंकू वाहायच्या नाहीत, हात जोडायच्या नाहीत, पण गाणी त्यांच्याइतकी पाठ कुणालाच नव्हती. सासूसुनेच्या भांडणाचं गाणं तर दोघींचे आवाज काढून म्हणायच्या.

आपण काय करतो आणि काय करत नाही, हे त्या बाईला पक्कं ठाऊक होतं. रेघ कुठे आहे ते माहीत असलेलं माणूस रेघेपर्यंत बिनधास्त जातं. बाकीचे आम्ही लांबूनच घाबरत असतो.

त्यांच्या मोहल्ल्यातल्या एका बुजुर्गांनी त्यांना एकदा टोकलं होतं. बाईंनीच ते मला सांगितलं. "मला म्हनले, पोरींसंगं हत्तीभवती फिरती, शोभतं का? मी म्हनले, चाचा, नमाज अल्लाची पढती, गानं पोरींसंगं म्हनती. दोन्हीची जागा वायली हाय. तुमची नातबी माज्याच वर्गात हाय. तिला इचारा, टाका सरळ पडतो का न्हाई." नातीचा टाका सरळ पडत होता.

आता ब्याहत्तरच्या भोंडल्याकडे येते.

पाऊस दडी मारून बसला होता. मुलींच्या आया दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. रेशनवर तांबडा मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी, मिळायचा, शाळेत सुकडीचा पौष्टिक चुरा. मोठ्या बाई म्हणाल्या, यंदा गाणी तेवढी म्हणू, खिरापत नको. कुणाच्या घरात काय आहे ते आपल्याला माहीत आहे. शिवणाच्या बाई उसळल्या. "खिरापत न्हाई तर भोंडला कशाला? गानी म्हनून प्वाट भरतंय व्हय?" आणि त्यांनी फर्मान काढलं. ज्या घरात जे पीठ असेल त्याची एक मूठ. मिलो, बाजरी, हुलगा, काहीही. ज्या घरात नसेल त्या घराने आणायची नाही. सगळ्यांचं एकत्र कालवायचं, म्हणजे कुणाची मूठ आली आणि कुणाची नाही हे पिठालाही कळणार नाही. रोज रांधायचं त्यांनी आणि मी.

गंमत अशी झाली की त्या वर्षी घट बसले आणि पाठोपाठ रोजे लागले. त्यांचे रोजे आणि माझे नवरात्राचे उपास. शिवणाच्या वर्गात घासलेटच्या स्टोपाशी दोघी उपाशी बाया दुसऱ्यांसाठी रांधत बसायच्या, आणि बाई माझी टर उडवायच्या. "तुमाला शेंगदानं चालत्यात, दूध चालतं, शाबुदाना चालतो. ह्याला उपास न्हाई म्हनत धाकल्या बाई, पथ्य म्हनत्यात." मी म्हटलं, तुम्ही तरी पहाटे उठून जेवताच की. "जेवती की! पन मंग दिसभर थुका गिळतानाबी इचार करती." वाफेने चेहरा भिजलेला, ओठ सुकलेले, आणि तरी थट्टा चालूच.

नवरात्र निम्मं सरलं तेव्हा गावातल्या मोठ्या अडत्याची बायको शाळेत आली. सगळा गाव तिला वहिनी म्हणायचा. तिची मुलगी सातवीत होती. वहिनी वाईट बाई नव्हती, पण घरात सोवळं-ओवळं कडक, आणि आपल्याला जे वाटतं तेच गावाला वाटतं अशी तिची समजूत. ती मोठ्या बाईंना म्हणाली, "इतकी वर्षं एक दिवसाचं होतं, चालवून घेतलं. आता रोज त्यांच्याच हातचं. देवीचे दिवस आहेत. बऱ्याच जणींच्या मनात आहे, बोलायला मीच आले."

मोठ्या बाई भित्र्या होत्या. त्यांनी दुपारी शिवणाच्या बाईंना बोलावलं आणि गोड शब्दांत सांगितलं की तुमचे कडक रोजे चालू आहेत, तुम्हाला त्रास नको, तेव्हा राहिलेल्या दिवसांचं आणि शेवटच्या दिवसाचं आम्ही बघतो.

बाईंनी अंगुस्तान बोटातल्या बोटात फिरवलं. "रोजा माजा, आन्‌ तरास तुमाला व्हतोय?" मोठ्या बाई हजेरीपट चाळू लागल्या. तेव्हा शिवणाच्या बाई म्हणाल्या, "मला समदं कळतं. वहिनी येऊन गेल्या. त्यास्नी सांगा, पीठ तुमच्याच घरचं हाय, हात तेवढा माजा. आता बाकीचं दीस तुमी घ्या, मी तक्रार करत न्हाई. पन शेवटचा दीस माजा हाय. माजा डबा मी आननार. पोरींनी खाल्ला तर खाल्ला. त्यास्नी घरून नको म्हनून सांगितलं आसंल आन्‌ त्यांनी न्हाई खाल्ला, तर फुडल्या साली मी रिंगनात पाय ठेवायची न्हाई. मुकाट सुई-दोरा शिकवीन."

आवाज चढला नव्हता. पण मी त्यांना इतकी वर्षं बघत होते; त्या रात्रभर झोपल्या नसणार हे मला सकाळी त्यांच्या डोळ्यांवरून कळलं. मला वहिनीचा संताप आला होता, आणि तो मी दोन दिवस मोठ्या बाईंवर काढला.

शेवटच्या दिवशी शिवणाच्या वर्गाचं दार आतून लावून आम्ही दोघी बसलो. बेत ठरला होता मुटक्यांचा. सगळ्या पिठांची मिसळ, त्यात शेवग्याचा पाला, कारण त्या उन्हाळ्यासारख्या दिवसांत हिरवं म्हणावं असं तेवढं एकच झाड गावात उरलं होतं. लसूण, मिरची, मुठीत वळून उकडायचं. बाई मळत होत्या, मी पाला निवडत होते, आणि दोघींची जीभ नेहमीप्रमाणे चालू होती. वहिनी, मोठ्या बाई, पाऊस, कुणाला सोडलं नाही.

एरवी चव बघायला आम्ही एखादी मुलगी बोलवायचो. पण आज बाईंचा दिवस, गुपित फुटायला नको. "तुमी बघा," बाई म्हणाल्या. मी म्हटलं, धान्य कसं चालेल मला? आज तर शेवटचा, कडक उपास. तुम्हीच जिभेला लावून थुंकून टाका, एवढं चालतं म्हणतात. "चालतं," बाई म्हणाल्या, "पन इतका वास सुटल्यावर थुकायचं ध्यानात ऱ्हाईल का माज्या?" दोघी हसलो आणि चव तशीच राहिली. मुटके उकडले, डब्यात भरले, वर फडकं बांधलं.

शाळा सुटली. मैदानात पाट मांडला. वहिनी आली होती. मैदानातल्या वडाच्या पारावर दोन बायकांबरोबर बसून बघत होती. मुलींनी फेर धरला. बाई फेरात शिरल्या, पण गाणं म्हणताना त्यांचं लक्ष मुलींच्या चेहऱ्यांकडे. गाणी संपली. डबा मधे ठेवला गेला. बाईंनी हाताची घडी घातली.

पहिली मुलगी उठली. डबा हलवला, कानाशी नेला. "बाई, जिलबी!"

सगळ्या हसल्या. बाई नाही हसल्या. दुसरी म्हणाली, "श्रीखंड!" तिसरी म्हणाली, "बुंदीचे लाडू!" दुष्काळाच्या वर्षी, मिलोच्या गावात, श्रीखंड. चौथीने तर डबा न हलवताच "पेढे" म्हणून टाकलं. वहिनीची मुलगी उठली. ती फेरातली सगळ्यांत तयार मुलगी, बाईंची पट्टशिष्या. तिने डबा दोन्ही हातांत धरला, डोळे मिटले, बराच वेळ ऐकलं, आणि म्हणाली, "बर्फी."

बाईंचा चेहरा उतरला. उकडलेलं गप्प बसतं, ही त्यांची पहिली शिकवण. गप्प डबा हातात घेऊन ही मुलगी बर्फी म्हणते, म्हणजे तिला ओळखायचंच नाही. ओळखलं नाही की झाकण उघडणार नाही, झाकण उघडलं नाही की खावं लागणार नाही. घरून सांगितलेलंही पाळलं आणि बाईंना तोंडावर नाहीही म्हटलं नाही. मला वाटलं, केवढ्या शहाण्या झाल्या या पोरी! मी पाराकडे बघितलं. वहिनी पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती.

ओळखणं लांबतच गेलं. बासुंदी झाली, घारगे झाले, एकीने "भजी" म्हटलं. ऊन वडाच्या शेंड्यावर गेलं. बाई एकदाच बोलल्या, कोरड्या घशाने. "नसंल जमत तर सांगा पोरींनो. घरी जायाचं हाय समद्यास्नी. मी डबा उचलती." आणि त्या खरंच वाकल्या. वहिनीची मुलगी मधे आडवी आली. "नका उचलू बाई. माझं आणखी एक राहिलंय." आणि डब्यावर हात ठेवून नुसती उभी राहिली. सगळ्या मुली एकाच दिशेला मान करून उभ्या होत्या, आणि मला काही उमगेना.

शाळेमागच्या मशिदीतून अजान आली.

"मुटके!" सगळं रिंगण एका दमात ओरडलं. "मुटके बाई, मुटके! शेवग्याच्या पाल्याचे मुटके!"

बाई वाकलेल्या तशाच राहिल्या. वहिनीच्या मुलीने डब्याचं फडकं सोडलं, एक मुटका काढला आणि त्यांच्यापुढे धरला. "डबा मैदानात आला तेव्हाच ओळखलं होतं बाई. वासावरूनसुद्धा. पण आज तुमचा दिवस. तुमच्या आधी आम्ही कसं खायचं?"

मी आजवर हजारो मुलींना शिकवलं असेल. त्या संध्याकाळच्या त्या रिंगणाएवढा अभिमान मला कुठल्याच वर्गाचा वाटला नाही. कुणी त्यांना हे सांगितलं नव्हतं. मधल्या सुट्टीत हौदापाशी बसून त्यांचं त्यांनी ठरवलं होतं, आणि वहिनीच्या मुलीने ते ठरवून घेतलं होतं.

बाईंनी डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. कमरेची एक पुडी सोडली, त्यातली मिठाची चिमूट जिभेवर ठेवली, कारण रोजा सोडायची त्यांच्या घरची रीत तशी होती. घोटभर पाणी प्यायल्या. मग मुटका घेतला. मुलींनी डबा फिरवला, आणि सगळ्या खाऊ लागल्या. पारावरून वहिनी उठून आली. मुलीने तिच्या हातावरही एक ठेवला. तिने इकडेतिकडे बघितलं आणि खाल्ला.

बाईंनी दुसरा घास घेतला आणि चावायच्या थांबल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे. मला वाटलं होतं पीठ मळताना त्यांनी टाकलं. त्यांना वाटलं होतं पाला कालवताना मी टाकलं.

"अगं बया," बाई म्हणाल्या, "ह्यात मीठच न्हाई!"

इतक्या साऱ्या मुली अळणी मुटके एकीनेही तोंड वाकडं न करता खात होत्या, आणि निम्म्यांचे संपलेसुद्धा होते. "आन्‌ तुमी गप खाताय व्हय गं?" बाई कडाडल्या. अंगुस्तान जवळच्या डोक्यावर टक्‌कन वाजलं. मग त्यांनी ती रोजा सोडायची पुडी उलगडली, आणि फेर धरल्यासारख्या रिंगणातून फिरत एकेकीच्या मुटक्यावर चिमूट-चिमूट मीठ टाकत गेल्या. वहिनीपाशी आल्या आणि क्षणभर थांबल्या. वहिनीने उरलेला अर्धा मुटका पुढे केला.

बाईंनी त्यावर मीठ टाकलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "फुडल्या साली मिठाचं काम धाकल्या बाईंकडं न्हाई."